सिंगापूरहून मलेशियाची बस नेमकी कुठून पकडावी

सिंगापूरला आलेल्या पाहुण्यांना जोडून मलेशियाही पाहायचा असतो, आणि तेथे राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही लागून सुट्टी आली की मलाक्का किंवा क्वालालंपूर खुणावू लागते. दोन देशांमधली सामुद्रधुनी इतकी अरुंद आहे की ती ओलांडायला जेमतेम एक किलोमीटर लांबीचा बांध पुरला. सिंगापूर ते क्वालालंपूर हे अंतर रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे सीमेवर फारसा खोळंबा झाला नाही तर पाच-सहा तासांचा प्रवास. विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी, आणि उतरल्यावर क्वालालंपूरच्या दूरच्या विमानतळावरून शहरात येणे हा सगळा वेळ धरला, तर बस फारशी मागे पडत नाही आणि चौघांच्या कुटुंबाचे पैसे बऱ्यापैकी वाचतात. त्यामुळे बसने जायचे हे लवकर ठरते. घोडे अडते ते पुढच्या प्रश्नावर, की ही बस पकडायची कुठून.

स्वारगेटला किंवा मुंबई सेंट्रलला जाऊन चौकशी खिडकीवर विचारण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण सिंगापूरमध्ये मलेशियाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी एकच एक मध्यवर्ती स्थानक नाही. ज्या शहरात साध्या सिटी बसच्या थांब्यावरही पुढची गाडी किती मिनिटांत येणार हे समजते, तेथे परदेशी जाणाऱ्या बसचा प्रवासी एखाद्या जुन्या व्यापारी इमारतीच्या पायथ्याशी, फुटपाथवर बॅगा ठेवून उभा असतो. ही उणीव मला मनापासून खटकते. म्हणूनच या लेखात गाड्यांच्या आसनांपेक्षा त्या जेथून सुटतात त्या जागांचा विचार अधिक केला आहे. माझ्या अनुभवाने प्रवास सुखाचा होतो की त्रासाचा, हे बहुतांशी सुटण्याची जागा आणि गाडी कोणत्या सीमानाक्यावरून जाते या दोन गोष्टींवर ठरते.

जुन्या लोकांना विचाराल तर ते आजही 'गोल्डन माइल'ला जा असे सांगतील. बीच रोडवरची गोल्डन माइल कॉम्प्लेक्स ही सोळा मजली, पायऱ्यापायऱ्यांनी मागे झुकत गेलेली इमारत १९७३ साली पूर्ण झाली. मलेशिया आणि दक्षिण थायलंडकडे जाणाऱ्या बसकंपन्यांची कार्यालये तिच्या तळमजल्यावर ओळीने होती, आणि थाई खाणावळी व दुकाने इतकी की लोक तिला सिंगापूरचे छोटे थायलंड म्हणत. २०२१ मध्ये ही वास्तू जतन करण्याच्या यादीत गेली, २०२२ मध्ये ७० कोटी सिंगापूर डॉलरला विकली गेली आणि २०२३ च्या मे महिन्यापर्यंत सगळ्या भाडेकरूंनी ती रिकामी केली. वास्तू वाचली याचा आनंद आहे. पण बसगाड्यांचे जे काही एकत्र ठिकाण होते ते त्याबरोबर विखुरले. आंतरजालावरच्या जुन्या माहितीत अजूनही तोच पत्ता सापडतो आणि बाहेरगावचे प्रवासी बांधकामाच्या पत्र्यांसमोर येऊन उभे राहतात.

आता त्यातल्या बऱ्याच गाड्या शेजारच्या गोल्डन माइल टॉवरवरून सुटतात. दोन्ही इमारती एकाच रस्त्यावर, नावेही जवळजवळ सारखी, त्यामुळे टॅक्सीचालकाला नाव सांगताना 'टॉवर' हा शब्द ठासून सांगावा. पत्ता ६००१, बीच रोड. सर्वांत जवळचे मेट्रो स्थानक निकोल हायवे, सर्कल मार्गिकेवरचे. तेथून सामान घेऊन चालत जाता येते. लव्हेंडर स्थानकावरूनही लोक येतात, पण चाके असलेली मोठी बॅग ओढत ते अंतर जास्त वाटते. क्वालालंपूर, मलाक्का, गेंटिंग, इपो, पेनांग आणि थायलंडमधील हात याई, अशी सगळी ठिकाणे या परिसरातून मिळतात. एका गाडीत जागा नसेल तर दुसऱ्या कंपनीकडे विचारता येते, हा या जागेचा सर्वांत मोठा गुण.

पण सोय म्हणावी अशी फारशी नाही. सकाळी लवकर गेलात तर चित्र असे दिसते: कार्यालयांचे लोखंडी शटर अर्धे उघडलेले, काचेवर चिकटवलेल्या कागदांवर गावांची नावे इंग्रजीत आणि चिनीत, आत एकच बाई एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने आसनक्रमांक लिहीत असलेली, आणि बाहेर चाळीस-पन्नास माणसे, कोणाची गाडी कोणती याचा कोणालाच पत्ता नसलेली. गाडी आली की चालक किंवा त्याचा मदतनीस यादी घेऊन उतरतो आणि गावाचे नाव पुकारतो. ते एकदाच पुकारले जाते, त्यामुळे कानात इयरफोन घालून बसू नये. बसायला जागा मोजकी, आणि पाऊस आला तर सगळे इमारतीच्या कडेला दाटीने उभे राहतात. खाण्यापिण्याची मात्र चिंता नाही. समोरच्या गोल्डन माइल फूड सेंटरमध्ये कॉफी आणि टोस्ट सहज मिळते, शाकाहारी पोटभर खाणे मात्र शोधावे लागते.

या परिसरातल्या गाड्यांबाबत एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळावर सुटण्याचे ठिकाण एक आणि प्रत्यक्षात दुसरे, हा अनुभव मला एका कंपनीकडून आला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण असा प्रकार एखाद्याच कंपनीपुरता असेल असे मला वाटत नाही. आदल्या रात्री थांबा बदलला होता, निरोप कोणालाच आला नव्हता, आणि नव्या जागेचा पत्ता बंद काउंटरवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता. आमच्याबरोबर नातवंडांना घेऊन निघालेले एक वृद्ध जोडपे होते. त्यांना तो रस्ता पार करून सामानासह पलीकडे नेण्यात आमची सगळ्यांचीच तारांबळ उडाली. तिकीट विकताना जी तत्परता दाखवतात ती थांबा बदलल्याचा निरोप देण्यात दाखवली, तर प्रवाशांचे आशीर्वाद मिळतील. तोवर आदल्या दिवशी कंपनीला फोन करून 'उद्याची गाडी कोणत्या इमारतीच्या कोणत्या बाजूने सुटणार' हे विचारून घेणे, हाच उपाय आहे.

याच्या अगदी उलट अनुभव हार्बरफ्रंट सेंटरचा. सेंटोसाला जाताना बहुतेक पर्यटकांनी हा भाग पाहिलेला असतो. मेट्रोची नॉर्थ ईस्ट आणि सर्कल अशा दोन मार्गिका येथे मिळतात आणि स्थानकातून वर आले की छताखालीच इमारतीत शिरता येते. क्वालालंपूरच्या महागड्या, दुमजली आणि आरामशीर गाड्या चालवणारी एअरोलाइन ही कंपनी वर्षानुवर्षे येथून चालत आली आहे. नोंदणीची पद्धत विमानासारखी शिस्तीची, स्वच्छतागृह जवळ, शेजारी व्हिवोसिटीचा मोठा मॉल, आणि गाडीत खाणे देतात. भाडे इतरांपेक्षा बरेच जास्त असते, पण आईवडिलांना किंवा लहान मुलाला घेऊन जायचे असेल तर ते मी न कुरकुरता देईन. एक सावधगिरी मात्र ठेवावी: हार्बरफ्रंट सेंटरची इमारत पाडून नवी बांधण्याची योजना जाहीर झाली आहे, तेव्हा तिकिटावर छापलेले ठिकाण दर वेळी नव्याने वाचावे.

आता सीमानाक्याविषयी. सिंगापूरमधून मलेशियात जायला रस्ते दोन. पहिला उत्तरेचा वूडलँड्सचा नाका, जेथून जुना बांध, म्हणजे कॉजवे, थेट सीमेपलीकडच्या जोहोर बारू शहराच्या मध्यभागी उतरतो. हा बांध १९२४ साली रीतसर खुला झाला, म्हणजे त्याला शंभर वर्षे उलटून गेली. दुसरा पश्चिमेचा तुआसचा, जेथून १९९८ मध्ये सुरू झालेला 'सेकंड लिंक' हा पूल शहराला बगल देऊन महामार्गाकडे नेतो. जगातल्या सर्वांत वर्दळीच्या भूसीमांमध्ये कॉजवेची गणना होते. हजारो मलेशियन कामगार पहाटे अंधारात दुचाकींवरून सिंगापुरात येतात आणि संध्याकाळी परततात. सुट्टीच्या दिवसांत दोन्ही नाक्यांवरून मिळून एका दिवसात पाच लाखांहून अधिक माणसे ये-जा करतात. अशा गर्दीत वूडलँड्सला अडकलेली बस तास-दोन तास जागची हलत नाही. तुआसलाही रांग लागते, पण बहुधा कमी. त्यामुळे क्वालालंपूर किंवा मलाक्काला थेट जायचे असेल तर तुआसमार्गे जाणारी गाडी निवडावी, असे माझे ठाम मत आहे. तिकिटावर मार्ग छापलेला नसतो; तो काउंटरवर विचारावा लागतो, आणि चालकाला ऐनवेळी मार्ग बदलण्याची मुभा असते हेही लक्षात ठेवावे. हार्बरफ्रंट बीच रोडपेक्षा पश्चिमेकडे असल्याने तेथून तुआसला जाणे सोयीचे. बीच रोडवरून निघालेल्या गाड्याही पुष्कळदा तोच रस्ता घेतात.

घर कोठे आहे यावरही निवड अवलंबून राहते. ज्युरॉंग, बून ले, क्लेमेंटी या पश्चिम भागात राहणाऱ्यांनी शहराच्या मध्यभागी जाऊन पुन्हा आपल्याच घरावरून परत येण्यात अर्थ नाही. बून ले शॉपिंग सेंटर आणि ज्युरॉंग ईस्ट परिसरातून गाड्या आहेत, त्या घ्याव्यात. पूर्वेकडच्यांना पाया लेबार मेट्रोजवळचे सिटी प्लाझा जवळ पडते. या जागांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. गर्दी कमी, सोयीही कमी, आणि गाडी चुकली तर दुसरी लगेच मिळण्याची शक्यता त्याहून कमी.

क्वीन स्ट्रीटविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण कमी खर्चात जाणाऱ्यांचा खरा रस्ता तेथून आहे आणि मला स्वतःला ही जागा आवडते. बुगिस मेट्रोपासून चालत दहा मिनिटांवर, लिटल इंडियापासूनही पायी येता येईल इतक्या अंतरावर हे लहानसे उघडे स्थानक आहे. येथून तीन प्रकारच्या गाड्या जोहोर बारूच्या लार्किन स्थानकापर्यंत जातात: सिंगापूर-जोहोर एक्स्प्रेसची बस, कॉजवे लिंकची सीडब्ल्यू २ ही पिवळी बस आणि एसबीएस ट्रान्झिटची १७० क्रमांकाची बस. पहिल्या दोन वाटेत फारशा थांबत नाहीत. १७० मात्र सिटी बसप्रमाणे प्रत्येक थांब्यावर थांबते, म्हणून सर्वांत स्वस्त आणि सर्वांत संथ. आरक्षण नाही, आसनक्रमांक नाही. रांगेत उभे राहावे, पैसे किंवा कार्ड द्यावे आणि चढावे. रांगेची शिस्त मात्र वाखाणण्यासारखी आहे. शनिवारी सकाळी रांग स्थानकाबाहेर जाते, तरी कोणी मध्ये घुसत नाही आणि गाड्या एकामागून एक येत राहतात. जवळच वॉटर्लू स्ट्रीटवर श्रीकृष्णाचे जुने देऊळ आहे आणि त्याला लागून चिनी लोकांचे क्वान इम देवीचे मंदिर. देवीचे दर्शन घेतलेले चिनी भाविक शेजारी कृष्णापुढेही उदबत्ती लावून जातात. बसला वेळ असेल तर तेथे जरूर जाऊन यावे.

क्वीन स्ट्रीटच्या पद्धतीत प्रवासाचे दोन तुकडे पडतात. आधी सीमा ओलांडून लार्किन सेंट्रलला पोहोचायचे आणि तेथून मलेशियातली गाडी घ्यायची. लार्किनहून मलाक्का, क्वालालंपूर, इपो, पेनांग, कोटा भारू, आणि तिओमान बेटाच्या बोटीसाठी मर्सिंग अशा सर्व दिशांना गाड्या सुटतात. तिकीट रिंगिट या मलेशियन चलनात असते, आणि एका सिंगापूर डॉलरला तीनहून अधिक रिंगिट मिळत असल्याने एकूण खर्च थेट गाडीच्या निम्म्यावरही येऊ शकतो. याहून मोठा लाभ म्हणजे सीमेवर एखादी गाडी निघून गेली तरी त्याच कंपनीच्या मागच्या गाडीत बसता येते, कोणी तुमच्यासाठी खोळंबत नाही आणि तुम्ही कोणासाठी खोळंबत नाही. तरुण, हलके सामान, मोकळा दिवस, अशी स्थिती असेल तर मी हाच मार्ग सुचवीन. लार्किनमध्ये काउंटरवरून हाका मारणारे, हात धरून आपल्या कंपनीकडे नेऊ पाहणारे लोक भेटतात. त्यांना नम्रपणे नकार देऊन फलकावरची वेळ आणि दर पाहूनच तिकीट घ्यावे. दोन पिशव्या, एक म्हातारी आत्या आणि झोपलेले मूल बरोबर असेल, तर हा मार्ग घेऊ नये.

सीमेवरची पद्धत प्रथमच जाणाऱ्याला गोंधळात टाकते, म्हणून ती नीट समजून घ्यावी. सिंगापूरच्या नाक्यावर सर्वांनी पासपोर्ट घेऊन उतरायचे. लांब पल्ल्याच्या गाडीत मोठे सामान येथे गाडीतच राहते. स्वयंचलित दरवाजांमुळे येथे वेळ कमी लागतो. पलीकडे जाऊन खाली उतरले की गाडी उभी असते, तिच्यात बसायचे आणि पूल ओलांडायचा. मलेशियाच्या नाक्यावर मात्र सगळे सामान घेऊन उतरावे लागते, कारण जकात तपासणीत बॅगा यंत्रातून जातात. वूडलँड्ससमोरची बांगुनान सुलतान इस्कंदर ही इमारत प्रचंड आहे. जिने, लांब मार्गिका, आणि खाली एकसारख्या दिसणाऱ्या बसच्या रांगा. उतरण्यापूर्वी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवावा. लांब पल्ल्याची गाडी ठरावीक वेळच थांबते, अनिश्चित काळ नाही, आणि भारतीय पासपोर्टवर कधी एखादा प्रश्न जास्त विचारला जातो. म्हणून चालकाला आधीच सांगावे की आमच्यापैकी इतके जण परदेशी पासपोर्टवर आहेत. बहुतेक चालक समजूतदार असतात. मोडक्या मलयमध्ये 'तुंगू' म्हणजे थांबा एवढे म्हटले तरी हसून मान हलवतात.

कागदपत्रांत हयगय नको. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय नागरिकांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. त्यापुढची तारीख असेल तर नियम पाहूनच तिकीट काढावे. मात्र मलेशियाचे डिजिटल आगमनपत्र २०२४ च्या जानेवारीपासून सक्तीचे आहे. ते प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नव्हे, हे ओळखावे. परतताना पर्यटकांनी सिंगापूरचे आगमनपत्रही तसेच तीन दिवसांच्या आत आणि विनामूल्य भरायचे आहे. पर्यटक म्हणून आलेल्या नातेवाइकांचा सिंगापूरचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे की एकाच प्रवेशाचा, हे घरातून निघण्यापूर्वी तपासावे. तो एकाच प्रवेशाचा असेल तर मलेशियात गेल्यावर परतीचा दरवाजा बंद होतो, आणि बसचालकाला त्यात काही करता येत नाही.

गाडीच्या आतले समाधान बहुतेक ठिकाणी सारखेच आहे. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी रुंद आसने, पाठ बरीच मागे जाते, पाय ठेवायला आधार असतो. एकट्या प्रवाशाने एकेरी बाजूचे आसन मागून घ्यावे. वातानुकूलन इतके गार की शाल किंवा स्वेटर हाताशी असलाच पाहिजे, बाहेर कितीही ऊन असो. स्वच्छतागृह बहुतेक गाड्यांत नसते, म्हणून मधुमेही आणि ज्येष्ठ प्रवाशांनी वाटेतला थांबा किती वाजता येईल हे चालकाला विचारून ठेवावे. २०२५ च्या १ जुलैपासून मलेशियात एक्स्प्रेस बसमधील प्रवाशांना सीटबेल्ट लावणे सक्तीचे झाले आहे. त्याआधीच्या महिन्यात गेरिकजवळ विद्यार्थ्यांच्या बसला झालेल्या भीषण अपघातानंतर या नियमाची निकड सर्वांनाच पटली. पट्टा आसनाच्या फटीत अडकलेला असेल तर गाडी सुटण्यापूर्वीच तो काढून द्यायला सांगावे.

थांबा बहुधा योंग पेंगला किंवा महामार्गावरच्या पागोहच्या विश्रांतिस्थळी होतो. शाकाहारी माणसाने तमिळ मुस्लिमांच्या टपरीवर रोटी चनाई मागावी. आपल्या पराठ्याच्या जवळची ही पदरदार रोटी तव्यावरून थेट ताटात येते. सोबतचे वरण मांसाच्या रश्शातले नाही ना, हे विचारून घ्यावे. विचारायचा संकोच वाटत असेल तर घरून दशम्या आणि चटणी नेलेली उत्तम. थांब्यावरच्या बाकावर डबा उघडला म्हणून कोणी हटकत नाही.

आता पलीकडे उतरण्याची जागा, कारण तिचाही विचार तिकीट काढतानाच करावा लागतो. क्वालालंपूरचे टर्मिनल बेर्सेपाडू सेलातान, ज्याला सगळे टीबीएस म्हणतात, हे २०११ मध्ये सुरू झालेले दक्षिणेकडच्या गाड्यांचे स्थानक. वातानुकूलित प्रतीक्षालय, क्रमांक दिलेली दारे, प्रत्येक दारावर गाडीची वेळ दाखवणारे फलक, सगळ्या कंपन्यांची तिकिटे देणारे काउंटर, नमाजाची खोली, खाणावळी, आणि पुलावरून चालत गेले की केटीएम ही लोकल रेल्वे, एलआरटी ही शहरातली मेट्रोसारखी रेल्वे व विमानतळाची रेल्वे, तिन्ही एका जागी. हे स्थानक पाहिले की सिंगापूरच्या बीच रोडवरचा फुटपाथ आठवून वाईट वाटते. शिस्तीसाठी जगात नावाजलेल्या शहराने शेजाऱ्याकडून ही एक गोष्ट अवश्य घ्यावी. टीबीएस शहराच्या मध्यभागापासून दूर आहे, पण रेल्वेमुळे ते जाणवत नाही. ज्यांचे हॉटेल बुकित बिंतांग भागात आहे त्यांनी बर्जाया टाइम्स स्क्वेअरला उतरवणारी गाडी शोधावी. मलाक्काला मात्र बहुतेक गाड्या मलाका सेंट्रलला सोडतात. २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेली जुनी वस्ती तेथून काही किलोमीटरवर आहे आणि तेथवर स्थानिक बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवार असतो, त्यामुळे त्याच दिवशी गाड्याही भरलेल्या असतात.

हात याईच्या रात्रीच्या गाडीविषयी थोडक्यात. एकाच रात्रीत दोन सीमा, बारा तासांहून अधिक प्रवास, आणि पहाटे झोपेतून उठून थायलंडच्या नाक्यावर रांगेत उभे राहणे. गाड्या चांगल्या आहेत, पण हौस असल्याशिवाय मी कोणाला हा प्रवास सुचवणार नाही, आणि लहान मुले बरोबर असतील तर मुळीच नाही.

दिवस आणि वेळ निवडणे हे सुटण्याची जागा निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. २०२५ च्या जानेवारीपासून जोहोर राज्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली. त्यामुळे सिंगापूर आणि जोहोर दोन्हीकडची माणसे आता एकाच वेळी रस्त्यावर येतात, आणि शुक्रवारची संध्याकाळ पूर्वीपेक्षाही अवघड झाली आहे. शनिवारी पहाटे सहाच्या आसपासची गाडी त्यातल्या त्यात बरी. चिनी नववर्ष, हरी राया म्हणजे ईद, सिंगापूरच्या शाळांच्या जून आणि डिसेंबरच्या सुट्ट्या या काळात बसने जाणे टाळता आले तर टाळावे. आपल्या दिवाळीला सिंगापूर आणि मलेशिया दोन्हीकडे सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा त्या आठवड्याची तिकिटे महिनाभर आधी काढावीत. जोहोर बारू आणि वूडलँड्स नॉर्थ यांना जोडणारी आरटीएस ही नवी रेल्वे सुरू झाली की लार्किनमार्गे जाणाऱ्यांना नुसती सामुद्रधुनी ओलांडायला पाच-सहा मिनिटे पुरतील. २०२६ अखेरचे उद्दिष्ट सांगितलेले आहे. थेट बसने जाणाऱ्यांना तिचा फायदा एवढाच, की नाक्यावरची गर्दी काही प्रमाणात तरी हलकी होईल.

परतीचे तिकीट शक्यतो मलेशियातून, रिंगिटमध्ये काढावे. तीच गाडी, तेच अंतर, आणि दर पुष्कळदा कमी. मात्र रविवारची परतीची गाडी आयत्या वेळी मिळत नाही. सिंगापूरच्या नाक्यावर येताना सगळे सामान घेऊन उतरावे लागते. च्युइंगम, सिगारेट आणि मद्य यांवर कोणतीही सूट गृहीत धरू नये, मलेशियातून येणाऱ्याला करमुक्त मद्याची सवलत मुळीच नाही. गाडी शेवटी कोठे सोडणार हेही आधी विचारावे, कारण निघालेल्या जागीच ती परत येईल असे नाही. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. क्वालालंपूरहून दुपारी दोनच्या आत सुटणारी गाडी घेतली तर सीमेवर दोन तास गेले तरी शेवटची मेट्रो मिळते. चारनंतरची घेतली तर टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवावेत.